दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो! लहान घरात उजेड आणि जागा कशी मिळवावी?

निळीशाई
मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. आमचं घर शहरातलं, अरुंद आणि लांबुळकं. रुंदी १२ फूट, लांबी ३४ फूट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे रस्त्याकडे आणि मागे बोळाकडे. खाली एकामागे एक तीन खोल्या, बाहेरची, मधली आणि स्वयंपाकघर. जिना मधल्या खोलीतून वर जातो, वर पुढच्या भागावर एक खोली आणि मागच्या भागावर उघडी गच्ची.

माणसं चार. मी, नवरा, लेक (यंदा दहावी) आणि माझे बाबा. मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावल्याशिवाय पेपर वाचता येत नाही. बाबा सकाळी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसतात, तिथे कोणी आलं की मधे जातात, मग दिवा लावतात, मग बिल आठवून बंद करतात आणि पेपर घडी करून ठेवतात. हे रोज बघून मला फार वाईट वाटतं.

नवऱ्याचं म्हणणं, बाहेरची आणि मधली खोली यांच्यातली भिंत पाडून एकच मोठी खोली करू. गवंडी बघून गेला, म्हणाला दोन दिवसांचं काम. तुमच्यापैकी कोणी असं काही केलंय का? भिंत पाडून खरंच उजेड येतो का? आणि सामान कुठे जातं मग?

गच्चीवाला
गच्ची आहे ना डोक्यावर? मग स्लॅबला भोक पाडा आणि काच बसवा. विषय संपला.

दगडमाती
विषय संपला नाही, विषय आत्ता सुरू झाला. निळीशाई ताई, तुमच्या गवंड्याला आधी थांबवा. मी साइटवर गेली २२ वर्षं काम करतोय आणि 'दोन दिवसांचं काम' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पहिलं म्हणजे भिंतीची जाडी मोजा, दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. गिलावा धरून पाच-सहा इंच असेल तर बहुतेक नुसती आडोशाची भिंत. नऊ-दहा इंच असेल तर ती भार घेणारी असण्याची दाट शक्यता. पण जाडीवर संपूर्ण भरवसा ठेवू नका, जुन्या घरांत साडेचार इंची भिंतीवरही पुढे कोणीतरी काहीतरी टेकवून ठेवलेलं असतं. दुसरं, वर जा आणि बघा की वरच्या खोलीची मागची भिंत नेमकी कशावर उभी आहे. तुमच्या वर्णनावरून मला शंका येतेय की ती याच भिंतीवर आहे.

भार घेणारी भिंत काढता येत नाही असं नाही. पण त्यासाठी आधी वरचा भार टेकूंवर तोलायचा, मग लोखंडी किंवा काँक्रीटचा बीम घालायचा, त्याला दोन्ही टोकांना नीट टेकण मिळालं पाहिजे, आणि त्या टेकणाखाली जे येतं त्याने तो भार पायापर्यंत नेला पाहिजे. आधी सगळा भार भिंतभर पसरलेला असतो, बीम टाकला की तो दोन ठिकाणी गोळा होतो, हे कोणी लक्षातच घेत नाही. आणि तुमच्याकडे तर ती दोन टोकं शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीत जाणार.

एका घरात आम्हाला नंतर बोलावलं होतं. खालची भिंत काढून महिना झाला होता, पडलं काहीच नव्हतं, सगळे खूश. फक्त वरच्या मजल्यावरचं एक दार लागेनासं झालं. सुताराने दोनदा रंधा मारला. तिसऱ्यांदा त्या सुतारालाच शंका आली म्हणून त्याने सांगितलं की दार फुगलेलं नाही, चौकट खाली येतेय. त्या सुताराचे उपकार आहेत त्या घरावर.

निळीशाई
दगडमाती दादा, मोजली. साडेदहा इंच. आणि वरच्या खोलीची मागची भिंत अगदी तिच्याच डोक्यावर आहे. गवंड्याचं काम थांबवलंय. नवराही गप्प झालाय तुमचा प्रतिसाद वाचून. मनापासून आभार.

खिडकीपाशी
हुश्श. आता उजेडाबद्दल बोलू, कारण भिंत पाडली असती तरी मधली खोली उजळलीच असती असं मला वाटत नाही.

मी घरांच्या अंतर्गत रचनेचं काम करते. उजेडाचा एक साधा नियम कुठल्याही घराला लागू होतो. ज्या जागेवरून आभाळ दिसतं, त्या जागेला उजेड मिळतो. जिथून आभाळाचा तुकडाही दिसत नाही तिथे पोचतो तो फक्त भिंतींवरून उसळून आलेला उजेड, म्हणजे उरलासुरला. म्हणून आधी काहीही तोडू नका. बाबांची खुर्ची मधल्या खोलीत जिथे हवी तिथे ठेवा, दुपारी तिच्यावर बसा आणि मान वळवून चहूकडे बघा. आभाळ कुठून दिसतं? दिसत नसेल तर मधे नेमकं काय येतंय?

दुसरं म्हणजे खिडकीची रुंदी नाही, तिची वरची कड महत्त्वाची. खिडकीचं डोकं जमिनीपासून जितकं उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत उपयोगी उजेड आत जातो. सात फुटांवर डोकं असेल तर चौदा-पंधरा फूट, त्यापुढे अंधारून येतं. तुमचं घर ३४ फूट लांब, म्हणजे मधला भाग दोन्ही खिडक्यांच्या हद्दीबाहेर. लोक खिडकी मोठी करायची म्हणून तिला खाली जमिनीपर्यंत आणतात. त्याने बाहेरचं छान दिसतं, पण टेबलाच्या उंचीखालची काच टेबलावर फारसा उजेड टाकतच नाही. तीच काच वर, छताच्या लगत असती तर खोलीच्या पार आतपर्यंत पोचली असती. जुन्या घरांत दारा-खिडक्यांच्या वर झरोके असायचे त्याचं कारण हेच. आपण ते पोटमाळ्याच्या सामानाने बुजवले.

आणि मागणी तरी केवढी असते आपली? भर उन्हात बाहेर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, ढगाळ दिवशी दहा हजारांच्या आसपास. वाचायला तीनशे-चारशे लक्स मिळाले की काम भागतं. म्हणजे बाहेरच्या उजेडाचा अगदी छोटा हिस्सा आत आणायचाय.

मनीम्याऊ_७
आमच्या मांजरीला हे सगळं आधीपासून माहीत आहे. सकाळी सातला ती पुढच्या खिडकीत असते, दहाला जिन्याच्या चौथ्या पायरीवर, दुपारी कपाटावर. टेबल कुठे ठेवायचं ते आम्ही तिच्या मागे फिरूनच ठरवलं :)

खिडकीपाशी
मनीम्याऊ, हा मी आजवर ऐकलेला सर्वात स्वस्त सर्व्हे आहे, आणि अचूकही.

सुटसुटीत
जागेबद्दल लिहितो. लोक चौरस फूट वाढवायला बघतात आणि असलेले चौरस फूट कोण खातंय ते बघत नाहीत. अडीच फुटी दार उघडताना पाव वर्तुळ फिरतं, म्हणजे जवळजवळ पाच चौरस फूट जागा. त्या पाच फुटांत तुम्ही काहीच ठेवू शकत नाही. घरात अशी सहा दारं धरा, तीस चौरस फूट नुसते दारांना वावरायला! आम्ही तीन दारं सरकती केली आणि एक काढूनच टाकलं. एका दारामागे चक्क माझ्या कामाचं टेबल बसलं.

सरकत्या दाराचा तोटाही सांगतो. फट राहते, त्यामुळे आवाज आणि वास अडत नाही. बाथरूमला करू नका.

आणि स्वयंपाकघर लहान आहे म्हणून रडू नका. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं होतं. जेमतेम ६.५ चौरस मीटर, म्हणजे ७० चौरस फूट. कामाचा ओटा खिडकीसमोर, जिन्नसांचे खण हाताशी, आणि शेजारच्या खोलीत जायला सरकतं दार. कोणत्या कामाला किती पावलं पडतात ते मोजून केलेली आखणी होती ती. आजची मॉड्युलर किचन्स तिचीच नातवंडं.

तेजस्विनी_२
सुटसुटीत, सगळं पटलं, पण 'दार काढूनच टाकलं' वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही पाच वर्षांपूर्वी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत काढली (आडोशाचीच होती, विचारून काढली). पहिले सहा महिने स्वर्ग. येणारा प्रत्येक जण म्हणायचा केवढं मोठं दिसतंय! मग सासूबाई राहायला आल्या. त्या पहाटे पाचला उठतात, आणि माझी नाइट शिफ्ट असली की मी पाचला झोपायला येते. मिक्सर, भांडी, नळ, सगळं थेट माझ्या उशाशी. त्यांनाही अवघडल्यासारखं व्हायचं, बिचाऱ्या पातेलं सुद्धा फडक्यावर ठेवायच्या. ते बघून मला जास्त त्रास झाला.

शेवटी तिथे वरपासून खालपर्यंत काचेचं पार्टिशन केलं, सरकतं. उजेड तसाच राहिला, आवाज पुष्कळ कमी झाला. तेव्हा निळीशाई ताई, मोकळं करा, पण घरातल्या प्रत्येकाला मिटायला एक दार ठेवा. दहावीच्या मुलीला तर हवंच.

भटकभवानी
तेजस्विनी, याच प्रश्नाचं एक सुंदर उत्तर मी बघून आलेय. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये रीटफेल्ट-श्रोडर हाउस आहे, १९२४ सालचं. त्रुस श्रोडर बाई तीन मुलांना घेऊन तिथे राहायला आल्या आणि वरच्या मजल्याची आखणी त्यांनी वास्तुविशारद रीटफेल्टबरोबर बसून केली. दिवसा अख्खा मजला मोकळा, रात्री भिंती सरकवल्या की ज्याची त्याची खोली. आणि कोपऱ्यातली खिडकी! दोन्ही झडपा उघडल्या की कोपऱ्याला खांबच उरत नाही, आभाळ थेट आत येतं. मी तिथे उभी राहून तीनदा ती जागा डोळ्यांनी चाचपली.

दुसरं टोक म्हणजे तोक्योतलं टॉवर हाउस, वास्तुविशारद ताकामित्सु अझुमा यांनी १९६६ साली स्वतःच्या कुटुंबासाठी बांधलेलं. जागा किती, तर साधारण २० चौरस मीटर! एकावर एक खोल्या रचलेल्या, मधे उघडा जिना, आणि आत दारं नाहीतच.

सुटसुटीत
आतमध्ये दारंच नाहीत?? बाथरूमला?

भटकभवानी
बाथरूमलाही नाही.

तेजस्विनी_२
सासूबाईंना हे सांगणार नाही :)

पत्र्याखाली
आमचं घर पत्र्याचं आहे, एकच खोली आणि मागे मोरी. स्लॅब, बीम हे आमच्या कामाचं नाही. काही साधं असेल तर सांगा.

खिडकीपाशी
पत्र्याखाली, तुमच्याकडे उलट सोपं आहे. मधला एखादा पत्रा काढून त्या जागी त्याच नागमोडीचा पारदर्शक किंवा दुधी पॉलीकार्बोनेट पत्रा बसवा. दुधी घेतलात तर उजेड पसरून येतो, खाली उन्हाचा चटका लागत नाही. अख्खा नको, तुकडाच पुरे, नाहीतर उन्हाळ्यात भट्टी होईल. शक्यतो सावलीत राहणाऱ्या उताराला बसवा.

याहून साधं म्हणजे पाण्याची बाटली. ब्राझीलमधल्या आल्फ्रेदो मोझेर नावाच्या मेकॅनिकने २००२ साली ही युक्ती काढली. दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली, तिच्यात पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून थोडं ब्लीच, बाटली पत्र्यातून अर्धी वर अर्धी खाली आणि कडेने पक्कं सील. वर पडलेलं ऊन पाण्यातून वळून खोलीभर पसरतं, ४० ते ६० वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड दिवसभर फुकट. पुढे ही कल्पना कितीतरी देशांत गेली. सील मात्र मन लावून करा.

पत्र्याखाली
हे करून बघतो. मुलांना शाळेच्या प्रोजेक्टलाही होईल. आभारी आहे.

गच्चीवाला
स्लॅबच्या भोकाबद्दल कोणी बोललंच नाही. मी स्वतः केलंय म्हणून सांगत होतो. आमच्या घराचा कायापालट झाला.

ओलभिंत
गच्चीवाला, तुमचं छान झालं असेल, आमचं गळलं. दोन पावसाळे बादली ठेवून काढले. काचेतून एक थेंब आला नाही, सगळं पाणी कडेने. काच जवळजवळ गच्चीच्या पातळीला बसवली होती, भोवतीने नुसता सिलिकॉन. पहिल्याच उन्हाळ्यात सिलिकॉन सुटला, डोळ्याला दिसेना. तिसऱ्या वर्षी सगळं उखडून भोवतीने वीतभर उंच कठडा बांधला, वॉटरप्रूफिंग कठड्यावर चढवून आतल्या बाजूला दुमडलं, काचेला उतार दिला आणि काच कठड्याच्या बाहेर दोन इंच काढली, पागोळीसारखी. त्यानंतर थेंब नाही.

आणि डोक्यावरची काच लॅमिनेटेडच घ्या. फुटली तरी मधल्या पापुद्र्याला चिकटून राहते. गच्चीवर मुलं क्रिकेट खेळतात.

दगडमाती
ओलभिंत यांनी लाखातलं सांगितलं. माझी भर एवढीच की स्लॅबला भोक म्हणजे आतल्या सळ्या कापणं. भोकाच्या चारी कडांना पुन्हा आधार द्यावा लागतो, आणि कुठल्या सळ्या भार नेतात ते बघूनच जागा ठरते. हौसेने ड्रिल चालवायचं काम नाही. इंजिनिअर येऊन बघू दे.

खिडकीपाशी
आणि उष्णता. आडव्या काचेतून उभ्या खिडकीपेक्षा कितीतरी जास्त उजेड येतो हे खरं, कारण ती सरळ डोक्यावरच्या आभाळाकडे बघते. पण त्याच कारणाने उन्हाळ्यातलं भर दुपारचं ऊनही सगळ्यात जास्त तिच्यातूनच येतं. म्हणून मी शक्य तिथे काच आडवी न टाकता छत थोडं उचलून बाजूला उभी काच लावते. उत्तर गोलार्धात राहत असाल तर तिचं तोंड उत्तरेला, म्हणजे शांत उजेड. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरकं खालून येतं, त्याला वरचा सज्जा अडवू शकत नाही, तिथे उभी जाळी किंवा बाहेरून पडदा लागतो.

रंगाचाडबा
सोपं सोडून सगळे अवघडाकडे चाललेत. पांढरा रंग द्या! चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या वर परत फेकतो, मध्यम रंग पन्नासच्या आसपास. हा फरक उजेड आत जाता जाता वाढत जातो. तीन भिंतींवरून उसळल्यावर पांढऱ्याकडे निम्मा उजेड शिल्लक असतो, मध्यम रंगाकडे आठवा हिस्सा. छत तर पांढरंच हवं, तिथे कोणी हात लावत नाही की मळत नाही.

रातराणी_क
रंगाचाडबा, गणित बरोबर आहे पण आमच्या अंधाऱ्या खोलीला पांढरा देऊन मी पस्तावले. उसळायला आधी काहीतरी पडलं तर पाहिजे ना. उजेडच नसला की पांढरा रंग राखाडी दिसतो, दवाखान्यासारखा. मग आम्ही छत पांढरं ठेवलं आणि भिंतींना फिकट लोणी रंग दिला, डोळ्यांना जीव आला. रंग आहे तो उजेड वाटून देतो, निर्माण करत नाही.

रंगाचाडबा
हे मान्य. दोन्ही एकत्र हवं. आणि गडद काचा काढा! करडी किंवा तपकिरी काच निम्म्याच्या आसपास उजेड गिळते, साध्या काचेतून नव्वद टक्के येतो. वरून डासांची जाळी धुळीने भरलेली असेल तर बघायलाच नको. जाळी उतरवून ब्रशने धुवा, तेवढ्यानेही फरक पडतो.

भटकभवानी
आरसे राहिले की. लंडनमध्ये सर जॉन सोन यांचं घर आहे, आता संग्रहालय. या वास्तुविशारदाने दाटीवाटीच्या खोल्यांत वरून उजेड आणलाय आणि न्याहारीच्या खोलीच्या छतात छोटे छोटे फुगीर आरसे बसवलेत. खोली अगदी लहान, पण ती कुठे संपते तेच कळत नाही. आरसा लावताना एवढंच बघायचं की त्याच्यासमोर उजेडाची जागा आहे का. अंधाऱ्या कपाटासमोर आरसा लावला तर दोन अंधारी कपाटं दिसतात.

ओलभिंत
काचेच्या विटा कोणी वापरल्यात का? उजेड येतो, पलीकडचं दिसत नाही.

दगडमाती
चांगल्या असतात, फक्त त्यांच्यावर भार देऊ नका आणि वारा येणार नाही हे लक्षात ठेवा. पॅरिसमध्ये 'मेझाँ द व्हेर' नावाचं घर आहे, १९२८ ते १९३२ मध्ये बांधलेलं, त्याची पुढची बाजू जवळजवळ सगळी काचेच्या विटांची. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू आजी जागा सोडायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांचा मजला तसाच पोलादी खांबांवर तोलून धरला आणि खालचं जुनं घर काढून नवीन बांधलं. टेकू म्हणजे काय चीज आहे ते यावरून समजा.

खिडकीपाशी
निळीशाई ताई, कुठे आहात? खुर्चीवर बसलात की नाही?

निळीशाई
बसले! सविस्तर लिहिते.

रविवारी बरोबर बारा वाजता सगळे दिवे बंद केले, बाबांची वेताची खुर्ची जिन्यासमोर ठेवली आणि लेकीने फोनवर उजेड मोजायचं अ‍ॅप घेतलं. पुढच्या खिडकीपाशी ९०० लक्सच्या आसपास, खुर्चीपाशी १८. मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या दारात ६०. आभाळ कुठूनच दिसेना. मग एक एक करत मधे काय येतंय ते लिहून काढलं.

पुढच्या बाजूला भिंतीवर, दाराच्या वर, पोटमाळा आहे. त्यावरच्या ट्रंका लेकीने टॉर्च घेऊन सरकवल्या तर मागे भिंतीत लाकडी चौकट! तीन फूट रुंद, दीड फूट उंच झरोका, त्यावर पुठ्ठा ठोकलेला. बाबा खाली शिडी धरून उभे होते. ते म्हणाले, अगं तो तुझ्या आईने बंद केला होता, तू तान्ही होतीस, गार वारा थेट पाळण्यावर यायचा. म्हणजे ४१ वर्षं तो झरोका बंद आहे आणि मी त्याच्याखालून ये-जा करतेय. पुठ्ठ्यावर आईच्या हाताने मारलेल्या टाचण्या आहेत, सगळ्या एका ओळीत, सारख्या अंतरावर. मला तिथे शिडीवरच रडू आलं.

जिन्याचं पुढचं. जिन्याच्या बाजूला वरपर्यंत प्लायची भिंत आहे, आत झाडू, जुने पंखे, पुस्तकांचे खोके. आणि जिना जिथे गच्चीवर उघडतो तिथे भरीव लोखंडी दार. ते उघडलं तर ऊन सहाव्या पायरीपर्यंत आलं! पण प्लायमुळे खोलीत नाही.

तुम्ही म्हणालात तसं बघितलं, तर भोक घरात आधीपासूनच आहे, जिन्याचं. आपणच त्याला झाकण लावलंय.

दगडमाती
वा! स्लॅबला हात न लावता. ताई, झरोक्याची चौकट जुनी असेल तर वर लिंटेल (चौकटीवरचा भार पेलणारी आडवी पट्टी) शाबूत आहे का ते बघा, भेगा नसतील तर नुसता पुठ्ठा काढायचाय. प्लाय काढताना जिन्याचा कठडा त्याच्यावर टेकलेला नाही ना तेवढं तपासा. लोखंडी दाराच्या वरच्या अर्ध्या भागात लॅमिनेटेड काच आणि आतून ग्रील, म्हणजे सुरक्षाही राहील.

रातराणी_क
टाचण्यांचं वाचून गलबलून आलं. तो पुठ्ठा टाकू नका हं.

सुटसुटीत
पोटमाळ्यावरचं आणि प्लायमागचं सामान कुठे जाणार हा तुमचा पहिल्या दिवसाचा प्रश्न अजून बाकी आहे. सगळं एकदा गच्चीवर काढा, आणि परत आत नेताना प्रत्येक वस्तू शेवटची कधी वापरली ते मोठ्याने म्हणा. आमच्याकडे असं करताना निम्मं सामान आपोआप बाहेर राहिलं. जे ठेवायचं ते जिन्याखाली कमरेच्या उंचीपर्यंत, खणांमध्ये. उजेड वरून येतो, त्याच्या वाटेत काही नको.

निळीशाई
दोन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

पोटमाळा काढला. झरोक्याला काच बसवली, वरून बिजागरीची, दोरीने उघडते. जिन्याची प्लाय गेली, तिथे बारीक उभ्या गजांचा कठडा आणि खाली अडीच फूट उंचीचे खण. गच्चीच्या दाराला वर काच आणि दाराच्या वर छतापर्यंत आणखी एक पक्की काच. जिन्याच्या भिंतीला आणि छताला पांढरा रंग, खोलीला रातराणीने सांगितलेला लोणी रंग. भिंत कुठलीच पाडली नाही. इंजिनिअर येऊन बघून गेले, सामानाची तर चार खोकी कमी झाली, ट्रंका दोन.

आकडे: झरोका उघडल्यावर खुर्चीपाशी १८ चे ५५ झाले, मी जरा हिरमुसलेच. प्लाय काढल्यावर १४०. गच्चीच्या दाराला काच लागल्यावर आणि रंग झाल्यावर ३२०. लेकीने सगळं वहीत लिहून ठेवलंय, वेळेसकट, आणि तिने आपलं टेबल तिसऱ्या पायरीच्या बाजूला ओढून घेतलं. तिच्यासाठी मधल्या दाराला तेजस्विनीने सांगितली तशी सरकती काच लावली, मिटून बसते अभ्यासाला.

बाबा आता पेपर सकाळी उघडतात तो दुपारी शब्दकोडं सोडवूनच मिटतात. काल खुर्ची आपण होऊन एक वीत पुढे सरकवली, म्हणाले इथून ढग दिसतो.

मनीम्याऊ_७
वाचून फार आनंद झाला. ताई, एक मांजर पाळा, तिसरी पायरी तिची.

खिडकीपाशी
निळीशाई ताई, ३२० भर दुपारचे ना? सकाळी नऊचे आणि चारचेही लेकीला मोजायला सांगा. आणि गच्चीच्या दाराची काच कोणत्या दिशेला आहे? पश्चिमेला असेल तर उन्हाळ्याआधी बाहेरून काहीतरी करावं लागेल.

निळीशाई
पश्चिमेकडेच आहे की! काय करू, वेलाचा मांडव चालेल का?

ओलभिंत
चालेल, पण कुंड्या भिंतीपासून लांब ठेवा. ओल कुठून येते ते मी सांगतो…